स्वतःच्या पायाचं माप

कार्तिक वद्य ६, शके १७८५. अमरावती

ही वही हिशेबासाठी आणली होती. हिशेबाला दुसऱ्या वह्या पुष्कळ आहेत, हीत मी माझं लिहिणार. अक्षर वाकडं येतं, कारण लिहायला शिकलो तोच पंचविसाव्या वर्षी, वखारीच्या ओट्यावर बसून. पण मनात येतं ते सरळ असतं, तेव्हा चालेल.

आज कचेरीतले कारकून केशवराव यांनी बोलावून घेतलं. माघात अकोल्याला मोठ्या सायबाचा दरबार भरणार आहे. कापसाच्या व्यापाऱ्यांना आमंत्रण आहे आणि अमरावतीच्या यादीत माझं नाव आहे. 'नत्थुजी, व्यापारी.' मी ते स्वतः वाचलं. दोनदा वाचलं.

केशवराव पुण्याकडचे, बोलणं मोजूनमापून. म्हणाले, "एक नियम आहे, तो ध्यानात ठेवा. तंबूत जाजम अंथरलेलं असेल. देशी जोडा बाहेर काढून ठेवावा लागतो. विलायती बूट आणि मोजे असतील, तर ते पायात चालतात."

"अन् बूट नसले तं?"

"तर अनवाणी जायचं. त्यात काय मोठंसं? देवळात नाही का आपण जात?"

देवळात जातो. पण देवळात महादेवराव खुर्ची टाकून बसलेले नसतात.

वही माझी आहे म्हणून लिहून टाकतो. सात वर्षं मी महादेवरावांच्या वखारीत बोद भरले. खड्ड्यावर चौकट असते, चौकटीला माणसाएवढं पोतं टांगतात, तोच बोद, त्यात उतरून कापूस पायांनी तुडवायचा. वरून कापूस येत राहतो, आपण तुडवत तुडवत वर येत राहतो. बोद भरला की आपलं डोकं बाहेर निघतं आणि समोर महादेवराव जोडा घालून उभे असतात. मी अनवाणी. सात वर्षं हेच. आज माझी स्वतःची वखार आहे, बोद भरायला दहा माणसं आहेत. अमरावतीतल्या अर्ध्या लोकांना माझे ते दिवस आठवत नाहीत, आणि उरलेल्या अर्ध्यांना मी आठवू देत नाही.

महादेवरावही त्या दरबारात असणार. त्यांच्यासमोर मी पुन्हा अनवाणी उभा राहणार नाही. बूट घालून जाईन. दोन महिने हातात आहेत, ह्यात अवघड असं काही दिसत नाही.

कार्तिक वद्य ८

बाळापूरचे अब्दुल रहीम माल घेऊन मुंबईला निघालेत. त्यांना बूट आणायला सांगितलं. ते म्हणाले, "नत्थुजी, माप बराबर द्या. मुंबईचा मोची तुमचा पाय पाहून नाई राहिला, तो कागद पाह्यते."

घरी येऊन पाटावर बसलो, कागदावर पाय ठेवला आणि वाकून कोळशाने भोवती रेघ मारली. कारभारीण म्हणाली, "द्या इकडे, मी मारून देतो रेघ." मी म्हटलं, स्वतःचा पाय मला ठाऊक नाही तर कोणाला असणार? रेघ उत्तम आली. एकदाही हात थरथरला नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १२

लिहिण्यासारखं एवढंच की महादेवरावांचे बूट आले. बाजारातून चालत गेले. काळे, चकचकीत, करकर वाजणारे. लोक वळून पाहत होते. मीही पाहिलं, पण न वळता.

मार्गशीर्ष वद्य ३

माझे बूट आले! अब्दुल रहीम यांचा माणूस पेटी ठेवून गेला. तपकिरी आहेत, घोट्याच्या वर येतात, पुढून दोरी ओवायची. चामडं इतकं मऊ की हात फिरवत राहावंसं वाटतं. कोणत्या जनावराचं आहे हे मी विचारलं नाही.

पाय आत जाताना थोडा वेळ लागला. कारभारणीने मागून ढकललं, मी पुढून ओढलं, आणि गेला. मग उभा राहिलो.

ते कसं वाटलं हे वहीतही लिहिणं कठीण आहे. बोटं एकमेकांवर चढली, आणि उजव्या पायाच्या अंगठ्यामागच्या हाडावर कोणी विंचू सोडावा तसं झालं. चार पावलं टाकली. कारभारीण, नाव रुख्मिणी पण स्वभाव त्या नावासारखा मुळीच नाही, चुलीपाशी बसून पाहत होती. म्हणाली, "दरबारात सायबाले रामराम करसान का त्याच्या पायावर पडसान?"

नवं चामडं आहे, वापराने सैल होतं. रोज घरात थोडं थोडं चालणार.

मार्गशीर्ष वद्य ५

पायाला फोड आले. कारभारीण एरंडेल चोळत चोळत बोलत होती, ते इथे लिहीत नाही.

मला मात्र युक्ती सुचली आहे. बुटात कोरडा हरभरा ठासून भरायचा, वरून पाणी घालायचं आणि तोंड बांधून ठेवायचं. हरभरा फुगतो तसं चामडं आतून सारखं ताणलं जातं. सव्वा शेर हरभरा गेला. ही गोष्ट मुंबईच्या मोच्याला सुचली नसती.

मार्गशीर्ष वद्य ६

हरभरा चांगला फुगला. उजवा बूट शिवणीवर टरकन फाटला, डाव्याचा तळ सुटला.

तो हरभरा बैलांपुढे ठेवला. बैलांनी हुंगून तोंड फिरवलं. कारभारीण दोनदा आत जाऊन हसून आली. दोष मुंबईच्या शिवणीचा आहे, माझ्या युक्तीचा नाही.

मार्गशीर्ष वद्य ८

अंबा दरवाज्याबाहेर लिंबाखाली पुंजाराम चांभार बसतो. त्याचा हात चांगला, असं सगळेच म्हणतात. फाटके बूट त्याच्यापुढे टाकले. त्याने उचलून उलटेपालटे केले, शिवणीतून बोट फिरवलं, आत नाक घातलं.

"मालक, याच्यात हरभरा कावून भरला?"

मी सांगितलं की ते विचारायचं त्याला कारण नाही. असेच बूट नवे करून दे, माझ्या पायाला बसतील असे. तो म्हणाला, करतो. पाहिलेली गोष्ट हाताने होते. तळाला म्हशीचं, वर बकऱ्याचं. मग हातातली आरी खाली ठेवून तो पुढे सरकला आणि म्हणाला, "पाय द्या."

मी दोन हात मागे झालो. माझ्यासारख्या माणसाने भर रस्त्यात चांभाराच्या हातात पाय द्यायचा? आता माझ्या घरी सोवळंओवळं आहे, ओट्यावर ब्राह्मण येऊन बसतात. आणि दुसरंही आहे. हे लोक पाय वाचतात म्हणे. माझ्या पायात वाचण्यासारखं जे आहे ते त्याला कशाला वाचू द्यायचं?

मी म्हटलं, दोरा दे. त्याने दोरा जमिनीवर ठेवला, मी तो उचलला, वाकून लांबी घेतली, रुंदी घेतली, गाठी मारल्या आणि दोरा परत जमिनीवर ठेवला. पुंजाराम गाठी पाहत बसला.

"असं माप येत नाई, मालक."

"कावून येत नाई? गाठी दिसत नाई काय?"

"गाठी दिसते. पाय नाई दिसत."

उठून तो चामडं आणायला गेला तेव्हा पाहिलं. तो लंगडतो. त्याच्या स्वतःच्या जोड्याची टाच चुरगळून दाबलेली आणि अंगठ्यापाशी भोक. ज्याला स्वतःचा जोडा नीट करता येत नाही, तो मला माप शिकवतो! तरीही काम त्यालाच दिलं. दुसरा कोणी बूट करीत नाही.

पौष शुद्ध ३, संक्रांत

घरात तिळगूळ. पुंजारामाने बूट आणून अंगणाच्या फाटकाशी ठेवले. दिसायला मुंबईच्यापेक्षा काकणभर सरस, हे मान्य करायला हवं.

पायात घातले. बोटांना जागा आहे, पण वर, घोट्याच्या खाली, फास बसल्यासारखं होतं. आणि टाच मागे हलते. फाटकापासून विहिरीपर्यंत गेलो आणि विहिरीच्या काठावर बसून राहिलो. पुंजाराम फाटकाबाहेरून पाहत होता.

"मी बोललो होतो," एवढंच म्हणाला.

कारभारणीने त्याला तिळगूळ दिला, वरून हातावर टाकला. मला म्हणाली, "गोड बोला, आज सन हाय." मी बोललो नाही.

पौष शुद्ध ५

पुंजारामाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, माणूस वाकला की पाय पसरतो, अंगाचा भार पुढे येतो, पोटरी ओढली जाते, आणि घेतलेलं माप दुसऱ्याच पायाचं होतं. "आपला पाय आपल्यालेच मोजता येत नाई, मालक. राजाले नाई येत, मले बी नाई येत."

मी म्हटलं, ठीक, वाकत नाही. अंगणात राख पसरली, पाय ओला केला, आणि ताठ उभा राहून राखेवर ठेवला. डावा, उजवा. असे ठसे उमटले की लक्ष्मी आली असं कोणीही म्हणावं. पुंजारामाने काडीने त्यांची लांबीरुंदी घेतली. ठसा खोटं बोलत नाही. आता चुकायला वावच नाही.

पौष वद्य १

ठसा खोटं बोलत नाही, पण तो फक्त तळपायाचं बोलतो. तळपायावर जो उरलेला पाय असतो त्याचं राखेला काही माहीत नाही. ह्या खेपेला टाच बसली आणि वरचा सगळा भाग आवळला. उजवा तर घोट्यापर्यंत गेलाच नाही.

म्हणजे तीन जोड झाले. घरात एवढे बूट झालेत की येणारा जाणारा विचारतो, पलटण उतरली आहे काय.

दरबाराला पंचवीस दिवस राहिले. आज पहिल्यांदा मनात आलं की कदाचित माझ्या पायाला बूट बसतच नसतील. कदाचित काही पाय बुटाचे असतात आणि काही पाय बोदाचे. हे लिहिलं आणि वाचलं, आणि वाचताना राग आला. खोडत नाही. पण खरंही मानत नाही.

पौष वद्य ३

कारभारणीशी बोललो. खरं म्हणजे तीच बोलली. मी म्हटलं, चांभाराच्या हातात पाय दिला तर लोक काय म्हणतील, विटाळाचं काय? ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"बोदात दोन दोन जन तुडवत होते ना तुमी? तेव्हा कोनाकोनाच्या पायाले पाय लागे. तेव्हा कोनतं सोवळं होतं?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"पाय तं तेच हाये," ती म्हणाली.

सात वर्षं रोज संध्याकाळी ह्याच बाईने माझ्या पायातली सरकी काढली आहे, त्यामुळे तिच्यापुढे जास्त बोलता येत नाही.

पौष वद्य ४

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी पुंजारामाला वखारीच्या मागच्या पडवीत बोलावलं. तिथे कोणी येत नाही. माणसांना बोद भरायला पुढे लावलं होतं. मी पेटाऱ्यावर बसलो. म्हटलं, घे. पण लौकर.

त्याने आधी हात धुतले. मग मला उभं राहायला सांगितलं, आणि जमिनीवर बसून माझा उजवा पाय दोन्ही हातांत घेतला.

माझा पाय आजवर आई आणि कारभारीण ह्यांखेरीज कोणी असा धरलेला नाही. त्याचे हात खरखरीत होते पण पकड हलकी. टाच तळहातात बसवली, अंगठ्याने वरचं हाड चाचपलं, बोटं एकेक करून दाबली. मग भार टाकायला सांगितला, मग काढायला. डोळे मिटले होते त्याचे. मला वाटलं होतं की मला किळस येईल. खरं सांगतो, थकवा आल्यासारखं झालं. उन्हातून येऊन बसावं तसं.

मग तो उजव्या अंगठ्यामागच्या हाडावर थांबला. तिथेच दाबत राहिला. मला कळलं की आता तो वाचतो आहे.

"मालक, तुमी बोद भरले हायेत."

मी पाय ओढून घेतला. काय बोललो ते आठवत नाही, पण चांगलं नव्हतं. त्याने ऐकून घेतलं. डोळे उघडले आणि म्हणाला, "डाव्या पायावर उभं राहून उज्यानं दाबाची सवय होती तुमाले. म्हनून उजवा पुढून फाकला, अन् डाव्याची टाच बसली. दोन्ही पायाचं माप येगळं हाय. राखेत तळवेच दिसले, वरून तुमी एकाच पायाचे दोन बूट करून घेत होते."

"कोनाले सांगसीन तं..."

"कोनाले सांगू? मी पायाचं पायालेच सांगतो."

मी उभा होतो, तो बसला होता. पुढे वखारीत माणसं बोद तुडवत होती, त्यांचा धपधप आवाज येत होता. थोड्या वेळाने मी पाय परत पुढे केला.

त्याने दोन्ही पायांचं माप घेतलं. दोरा सात ठिकाणी गुंडाळला, प्रत्येक गाठ वेगळी. मग लाकडाच्या साच्यावर, ज्याला तो कलबूत म्हणतो, कुठे चामड्याची चकती ठोकायची त्याच्या खुणा केल्या. उजव्याला अंगठ्याच्या हाडावर, डाव्याला टाचेखाली. जाताना सहज विचारलं की इतकं येतं तर तुझा जोडा असा कसा?

"माहं माप घरवाली घेत होती," तो म्हणाला. "ते गेली. आता कोन घेईन? जातभाई हसते. म्हन्ते, लेका चांभार असून जोड्यासाठी दुसऱ्याच्या दारी येतं काय. मंग आपलंच वाकून घेतो. वाकलं का चुकते."

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. कारभारणीने पाणी तापवून ठेवलेलंच होतं.

पौष वद्य ५

रात्री पुष्कळ दिवसांनी गाढ झोप लागली.

माघ शुद्ध ३

बूट आले.

घातले. उठलो. फाटकापर्यंत गेलो, विहिरीपर्यंत गेलो, विहिरीला वळसा घालून पुन्हा फाटकापर्यंत आलो. मग वखारीत गेलो, वखारीतून अंबा दरवाज्यापर्यंत गेलो, दुपारी उन्हात तसाच परत आलो. पायात काही आहे हे मी मधेच विसरलो होतो. पायात काही आहे हे विसरायला लावतो तो बूट, एवढं मला ह्या दोन महिन्यांत कळलं.

उजवा बूट पुढून रुंद आहे, डावा नाही. शेजारी शेजारी ठेवले की भाऊभाऊ दिसतात, जुळे नाही. लांबून कोणाच्या ध्यानात येणार नाही. आलं तर येऊ दे.

पुंजाराम फाटकापाशी उभा राहून माझ्या चालण्याकडे पाहत होता. चेहऱ्याकडे नाही, पावलांकडे. मग मान हलवली आणि लंगडत निघून गेला.

माघ शुद्ध ८. मूर्तिजापूर

बैलांच्या दमणीने निघालो आहे, उद्या अकोला. रस्त्यावर कापसाच्या गाड्याच गाड्या, धुराळ्यात पुढचा बैल दिसत नाही. आगगाडीसाठीच्या लोखंडी सडकेचा भराव दिसला. केशवराव बरोबर आहेत, सारखे शिंकतात. त्यांनी सांगितलं की सायबाने बुटांबद्दल विचारलं तर मुंबईचे म्हणावं. तेच शोभतं. मी म्हटलं, मुंबईचेच म्हणणार.

माघ शुद्ध १०. अकोला

दरबार झाला.

तंबूच्या दाराशी जोड्यांचा ढीग पडला होता. लाल जोडे, मोजड्या, चढाव, सगळ्या तऱ्हा. चपराशाने माझ्या पायांकडे पाहिलं आणि बाजूला झाला. एवढंच. त्या एका बाजूला होण्यासाठी मी तीन जोड वाया घालवले. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत एकेचाळीस पावलं झाली, आणि एकही दुखलं नाही.

महादेवराव पुढच्या ओळीत होते. म्हातारे झाले आहेत. मला पाहून त्यांनी आधी माझा चेहरा पाहिला, मग पाय, मग पुन्हा चेहरा. मी हात जोडले. त्यांनीही जोडले, पण उठले नाहीत. मला वाटलं, अजून गुर्मी गेली नाही. मग सायब आले, सगळे उभे राहिले, तेव्हा महादेवरावांनी खुर्चीचे दोन्ही हात धरून ओठ चावला, आणि मला समजलं. ते चकचकीत काळे बूट. त्या बुटांत मी आठवडाभर राहिलो असतो तर मीही गुर्मीचाच दिसलो असतो.

सायब एकेकापुढे थांबत आले. माझ्यापुढे थांबून काहीतरी बोलले, खाली पाहत. केशवरावांनी मराठीत सांगितलं, "बूट छान आहेत म्हणतात. मुंबईचे की थेट विलायतेचे, असं विचारताहेत."

'मुंबईचे' असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "अमरावतीचे. पुंजारामाचे. अंबा दरवाज्याबाहेर बसतो."

असं का झालं हे मला अजून समजलेलं नाही. बहुधा पाय सुखात असला की माणसाच्या तोंडून खरं निघतं. केशवरावांनी भुवया चढवल्या, पण सांगितलं. सायबाने पुन्हा एकदा पाहिलं, अगदी वाकून पाहिलं, आणि पुढे गेले.

नंतर गाड्यांपाशी महादेवराव दिसले. दमणीच्या दांडीवर बसले होते, बूट बाजूला पडलेले, पाय घमेल्यातल्या पाण्यात. टाचा सोललेल्या. मला हाक मारली.

"नत्थ्या." मग थांबले. "नत्थुजी. तुह्या बुटात असं काय हाय बाप्पा?"

ज्या क्षणाची मी वाट पाहत होतो तो हाच असावा. मी उभा, बूट घालून, आणि महादेवराव अनवाणी. पण त्यांचे पाय पाहून मला फक्त एवढंच वाटलं की ह्यांचंही माप ह्यांनी वाकूनच घेतलं असणार.

"बुटात काई नाई," मी म्हटलं. "पुंजाराम करून देईन. पन पाय त्याच्या हाती द्या लागते."

"चांभाराच्या हाती?"

"हो. मीनं देला."

त्यांनी एक पाय पाण्यातून काढून सोललेली टाच पाहिली. मग म्हणाले, "कुठी बसते म्हन्तलं तो?"

माघ वद्य १. अमरावती

काल परत आलो. आज सकाळी पुंजारामाकडे गेलो. त्याला दरबाराची हकीकत सांगितली, सायब वाकला ते दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "टाच हलली काय?" मी म्हटलं, नाही. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

मग म्हटलं, महादेवराव येणार आहेत. आणखीही दोघांनी पत्ता विचारला आहे. तो उठून चामड्याच्या गठ्ठ्याकडे गेला, लंगडत, आणि मला त्या लंगडण्याचा राग आला. आता ह्याच्याकडे काम वाढणार. लंगडणारा माणूस चार बुटांमागे दोनच करील, आणि नाव माझं जाईल, कारण दरबारात नाव मी घेतलं आहे. हा सरळ व्यवहार आहे.

मी म्हटलं, "दोरा आन."

"कोनासाठी?"

"तुह्यासाठी. उभा राह्य."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडा झालोय. "मालक, मले पापात घालता काय?"

"ताठ उभा राह्य म्हन्तो. वाकू नोको. वाकलं का चुकते."

लिंबाखाली सकाळच्या वेळी बाजाराला जाणारे लोक होते. हे मला त्यानंतर आठवलं. मी खाली बसलो. बूट घातलेले असले की खाली बसताना पाय दुमडायला वेळ लागतो, तेवढा लागला. त्याचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. तो लिंबाला धरून उभा होता आणि त्याचा पाय थरथरत होता. मी म्हटलं, हलवू नको, गाठ सरकते.

अंगठा बाहेर वळलेला, चामडं अंगठ्यात धरून धरून. टाचेला आरी लागल्याच्या तीन जुन्या खुणा. चवड्याच्या बाहेरच्या अंगाला घट्टा, उकिडवं बसल्याचा. त्याने माझ्या पायात सात वर्षं वाचली. मी ह्याच्या पायात किती ते मोजू लागलो आणि सोडून दिलं, तीस तरी असतील. सातही ठिकाणी दोरा गुंडाळला, त्याने माझ्या वेळी गुंडाळला होता तसाच. दोन गाठी त्याने सोडवून पुन्हा मारायला लावल्या. हुकूम केल्यासारखा सांगत होता, "ढिली झाली. आवळा." मी आवळली.

उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर लहान निघाला. त्याला हे माहीत नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस, जन्मभर लोकांचे पाय हातात घेणारा, आणि स्वतःचा एक पाय लहान आहे हे त्याला आज मी सांगितलं. त्याने दोऱ्यावरच्या गाठी बोटाने चाचपल्या. मग म्हणाला, "घरवाली सांगत जाये. मीच मानत नोतो."

घरी आलो, वखारीत गेलो, दोन गाड्या उतरवून घेतल्या, जेवलो. लिंबाखालची गोष्ट बाजारातून घरी पोचली असावी, जेवताना कारभारीण माझ्या हातांकडे पाहून हसत होती. का हसतेस विचारलं तर म्हणाली, काही नाही, भाकरी घ्या.

आता ही वही उघडून लिहायला बसलो तेव्हा आठवलं की घरी आल्यावरची आंघोळ राहिली. असो. उद्या सकाळी करीनच, रोज करतो तेव्हा.